वेबमेलचे फोल्डर वाटण्याआधी काय काय बघून ठेवायचं

बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे भागातल्या बऱ्याच वर्कशॉपमध्ये मेलचा पत्ता एक आणि पासवर्ड चौघांना पाठ, असा कारभार चालतो. त्याऐवजी ज्याचं त्याचं खातं काढून हवे तेवढेच फोल्डर वेबमेलमधून, म्हणजे ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या मेलमधून, शेअर करायचे ठरवलं असेल, तर पहिली खात्री ही करा की सगळ्यांची खाती एकाच मेल सर्व्हरवर आहेत. टिळकवाडीतले तुमचे सीए जीमेल वापरत असतील तर त्यांना फोल्डर देता येणार नाही, मेल फॉरवर्डच करावे लागतील. कंपनीचाच मेल जीमेलवर असेल तर हा खटाटोप सोडा. तिथे एखादं सुटं लेबल (जीमेलमधला फोल्डर) कुणाला देता येत नाही. देता येतो तो अख्ख्या मेलबॉक्सचा वापर, डेलिगेशन करून.

पुढचं राउंडक्यूब हा वेबमेलचा प्रोग्रॅम धरून सांगतो. सेटिंग्जमधल्या फोल्डर्समध्ये जाऊन फोल्डरवर क्लिक केलं की शेअरिंगचा टॅब दिसायला हवा. नसेल तर शोधत बसू नका, होस्टिंगवाल्याला, म्हणजे तुमचा मेल सर्व्हर सांभाळणाऱ्याला, फोन लावा. सोय चालू करणं त्याच्या हातात आहे.

मग फोल्डर लावून घ्या. इनबॉक्स कुणालाच देऊ नका, बँकेचे आणि जीएसटीचे ओटीपी तिथेच येऊन पडतात. ऑर्डर, ड्रॉइंग, डिस्पॅच, बिलं असे वेगळे फोल्डर करून फिल्टर लावा, म्हणजे मेल आपोआप त्या त्या फोल्डरात जातील. बिलांमध्ये 27 ने सुरू होणाऱ्या जीएसटी नंबरच्या, म्हणजे कोल्हापूर-पुण्याकडच्या पार्ट्या एकीकडे आणि 29 च्या इथल्या पार्ट्या दुसरीकडे ठेवल्या तर हिशेब लिहिणारा दुवा देईल. फोल्डरच्या नावात टिंब किंवा तिरकी रेघ नको. ‘2025/26’ लिहिलंत तर सर्व्हर ते घेणार नाही, नाहीतर 2025 च्या पोटात 26 नावाचा फोल्डर करून ठेवेल. 2025-26 लिहा. मराठी नावं चालतात, पण एखाद्या जुन्या प्रोग्रॅममध्ये त्यांच्या जागी अगम्य अक्षरं दिसू शकतात. शिवाय अकाउंट्स बघणारे अण्णा कन्नड शाळेतून आलेले, डिस्पॅचचा पोरगा मराठी शाळेतला. नावं इंग्रजीत ठेवा, वाद मिटला.

हक्क देताना हात आखडता घ्या. शेअरिंगच्या टॅबमध्ये एकेकाचं खातं घाला. ‘सर्व वापरकर्ते’ हा पर्याय भलता सोपा वाटतो, त्याला हात लावू नका. ज्याला फक्त ड्रॉइंग बघायची आहेत त्याला वाचण्याचा हक्क पुरे. ज्याने ऑर्डरवर खूण करायची, मेल त्या फोल्डरात आणून टाकायचा, त्याला लिहिण्याचाही द्या. पुसण्याचा हक्क मात्र कुणालाही नको, आणि याला कारण आहे. वाटलेल्या फोल्डरातला मेल दुसऱ्याने डिलीट केला की तो सहसा त्याच्या स्वतःच्या ट्रॅशमध्ये जातो. तुम्ही आपला ट्रॅश उलटापालटा करत बसता, पर्चेस ऑर्डर तिसऱ्याच्याच खात्यात पडलेली असते, आणि त्याने ट्रॅश रिकामा केला असेल तर संपलंच. बऱ्याच सर्व्हरवर वाचल्याची खूणही सामाईक असते: अण्णांनी सकाळी मेल उघडला की तुमच्याकडेही तो वाचलेला दिसतो. त्यामुळे ‘न वाचलेले म्हणजे बाकी काम’ ही सवय मोडून, काम बाकी असलेल्या मेलला तारा लावायचा असं ठरवून टाका.

आत आधीपासून उपफोल्डर असतील तर प्रत्येकाचे हक्क वेगळे तपासा, वरच्याला दिलेले हक्क आपोआप खाली उतरतीलच असं नाही. जागाही तुमच्याच खात्यातली जाते, तेव्हा कोटा बघून ठेवा.

समोरच्याला फोल्डर आपसूक दिसला नाही तर त्याने आपल्या सेटिंग्जमध्ये जाऊन त्या फोल्डरपुढे टिक करायची. ‘आलाच नाही हो’ असे बहुतेक फोन यावरूनच येतात. त्याच्या शेजारी बसून एक चाचणीचा मेल उघडून बघा, आणि तो डिलीट होत नाही ना, हेही बघा. सगळं जमलं की तो चौघांना पाठ असलेला पासवर्ड त्याच दिवशी बदला.