इटलीत गाडी घेऊन फिरताय? मग या चुका टाळा

दिवाळीच्या चकल्या तळत होते, तेवढ्यात नवरा मोबाइल घेऊन स्वयंपाकघरात आला. जूनमध्ये ज्यांच्याकडून गाडी भाड्याने घेतली होती, त्यांनी त्याच्या क्रेडिट कार्डावरून पन्नासेक युरो वळते करून घेतले होते. कशाबद्दल? तर इटलीतल्या पोलिसांना आमचं नाव-पत्ता कळवल्याची फी. म्हणजे हा दंड नव्हेच. दंड मागाहून आला, पोस्टाने.

मिलानहून गोथार्डमार्गे लुसर्न, मग इन्सब्रुक, ब्रेनर, डोलोमाइट्स, स्लोव्हेनियातलं ब्लेड, तिथून व्हेनिस, फ्लोरेन्स आणि रोम, असा आमचा सोळा दिवसांचा बेत. दोघंही पुण्यात रोज गाडी चालवणारे, तेव्हा इटलीचं काय घेऊन बसलात, असा तोरा. उजव्या बाजूने चालवण्याची सवय दोन दिवसांत झालीसुद्धा. चुका झाल्या त्या स्टिअरिंगवर नाही, शेजारच्या सीटवर. म्हणजे बहुतेक माझ्याच.

‘आत्तीवो’ म्हणजे चालू नव्हे, बंद

सगळ्यात महागडी चूक हीच. फ्लोरेन्स, पिसा, सिएना, बोलोन्या, रोम अशा शहरांच्या जुन्या गाभ्यात बाहेरच्या गाड्यांना ठरावीक वेळी मज्जाव असतो. या भागाला ‘झेडटीएल’ म्हणतात. नाक्यावर ना आडवा बांबू ना पोलिस. लाल कडेचा पांढरा गोल, खाली इटालियनमध्ये वेळा, आणि वर एक कॅमेरा. बऱ्याच ठिकाणी दिव्यांची पाटी असते: ‘वार्को आत्तीवो’. मी ती मोठ्याने वाचली आणि म्हटलं, “चल, गेट चालू आहे.” वार्को म्हणजे नाका, आणि नाका चालू म्हणजे पहारा चालू. आत जायचं नाही. ‘वार्को नॉन आत्तीवो’ असेल तेव्हाच रस्ता मोकळा.

चुकून शिरलात आणि घाबरून गोल फिरून पुन्हा त्याच नाक्यातून गेलात, तर दुसरा दंड वेगळा लागू शकतो. मोबाइलवरच्या नकाशावर विसंबू नका, तो तुम्हाला खुशाल आत नेतो. हॉटेल आतच असेल तर त्यांना आधी ईमेल करा. गाडीचा नंबर कळवून ते परवानगी घेऊ शकतात, पण हे आपणहून विचारावं लागतं. आम्ही चेक-इन करून, आंघोळ उरकून मग विचारलं.

खरा उपाय म्हणजे गाडी गावाबाहेर ठेवणं. फ्लोरेन्सला ए-1 महामार्गावरूनच थेट आत जाता येईल असा व्हिला कोस्तान्झा नावाचा पार्किंग तळ आहे, तिथून ट्राम शहरात नेते. चिंक्वे तेर्रे या समुद्रकाठच्या पाच गावांसाठी गाडी शेजारच्या ला स्पेझियात ठेवा आणि लोकल ट्रेन धरा. व्हेनिसला तर चाकं पियाझ्झाले रोमापाशी संपतात. मेस्त्रेला गाडी ठेवून ट्रेनने गेलात की खर्चही कमी. दोन शहरांच्या मधल्या प्रदेशासाठी गाडी घ्यायची, शहरासाठी नाही, हे मला निघण्याआधी कोणी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं.

कागदपत्रांतली गफलत

आपलं लायसन्स इटलीत एकटं पुरत नाही. सोबत इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट लागतं. आरटीओकडून मिळतं, एक वर्ष चालतं, आणि मूळ लायसन्सही बरोबर ठेवावंच लागतं. दोघांचंही काढा. आम्ही काढलं होतं, पण करारात ‘दुसरा चालक’ म्हणून माझं नाव घालायचं राहिलं. रोजचे थोडे युरो वाचवायला गेलो आणि नवरा सोळा दिवस एकटा चालवत राहिला. नाव नसताना चालवलं आणि काही झालं, तर विमा हात वर करतो.

अनामत क्रेडिट कार्डावरच अडकवतात, आणि ते कार्ड मुख्य चालकाच्याच नावाचं हवं. फॉरेक्स कार्ड घेऊन काउंटरवर उभं राहिलेलं एक जोडपं आम्ही पाहिलं, चेहरे बघवत नव्हते. कोणकोणत्या देशांत गाडी नेणार हेही आधीच सांगून करारात लिहून घ्या. व्हिसाचा अर्ज जिथे सर्वाधिक रात्री राहणार त्या देशाकडे करायचा असतो, त्यामुळे रात्री आधी मोजा, मग अर्ज भरा.

टोल: चार देश, चार तऱ्हा

इटलीत महामार्गावर शिरताना चिठ्ठी घ्यायची, उतरताना पैसे द्यायचे. चिठ्ठी हरवली तर सगळ्यात लांबच्या नाक्यापासूनचे पैसे लावतात, म्हणून ती सांभाळणं हे शेजारच्या सीटचं काम. पिवळी ‘टेलिपास’ (त्यांचा फास्टॅग) लेन आपली नाही. चुकून शिरलातच तर गाडी मागे घेऊ नका. मदतीचं बटण दाबा, पावती मिळते, पैसे नंतर भरता येतात. मिलानजवळच्या ए-36 वर नाकेच नाहीत. कॅमेरा नंबर टिपतो आणि पैसे ऑनलाइन भरण्याची जबाबदारी तुमची.

स्वित्झर्लंडमध्ये वर्षाचा एकच पास, 40 फ्रँकचा. दोन तासांसाठी गेलात तरी तोच. स्लोव्हेनियात कमीत कमी आठवड्याचा. पास नसताना सापडलात तर तिथे 300 युरोंपासून पुढे दंड, आणि सीमा ओलांडली की लगेच महामार्ग सुरू होतो. ऑस्ट्रियात दिवसांच्या हिशोबाने पास मिळतो, पण ब्रेनरच्या रस्त्याचा टोल वेगळाच भरावा लागतो. “पास घेतलाय ना?” “घेतलाय.” “मग हे पैसे कसले?” हा आमचा संवाद ब्रेनरच्या नाक्यावर झाला.

इटलीत आणि स्वित्झर्लंडमध्ये महामार्गाच्या पाट्या हिरव्या, साध्या रस्त्याच्या निळ्या. ऑस्ट्रियात महामार्ग निळा. सीमा ओलांडली की डोक्यातलं बटण उलटं करायचं.

पंपावर

‘गासोलिओ’ म्हणजे डिझेल. गॅसोलिन, म्हणजे पेट्रोल, असं वाटून कितीजण फसत असतील देव जाणे. पेट्रोल म्हणजे ‘बेन्झिना’. ‘सेर्वितो’ लिहिलेल्या ठिकाणी माणूस भरून देतो आणि लिटरमागे जास्त पैसे लागतात. ‘फाई दा ते’ म्हणजे आपला हात जगन्नाथ.

घाट, बोगदे आणि शनिवार

नकाशा अंतर सांगतो, वेळ सांगत नाही. स्टेल्व्हिओ घाट 2757 मीटरवर आहे, प्रातोच्या बाजूने 48 वळणं. वरंध घाट चालवणाऱ्याला चढण जड जात नाही, उतारावर मात्र ब्रेक तापतात. खालच्या गिअरमध्ये उतरा. ऑटोमॅटिक गाडी असेल तर तिचा मॅन्युअल मोड आधी सपाटीवर शिकून घ्या. गोथार्डचा बोगदा सुमारे 17 किलोमीटरचा, येणारी एक आणि जाणारी एक लेन. उन्हाळ्यातल्या शनिवारी तोंडाशी किलोमीटरच्या किलोमीटर रांग. आम्ही शनिवारीच निघालो होतो. मंगळवारी-बुधवारी जा, किंवा उन्हाळ्यात उघडा असतो तो वरचा घाटरस्ता घ्या.

15 ऑगस्टच्या आसपास जाऊच नका. तो इटलीचा फेर्रागोस्तो, सगळा देश समुद्राकडे निघतो. अमाल्फीच्या किनारी रस्त्यावर गर्दीच्या दिवसांत नंबर प्लेटच्या सम-विषम आकड्याचा नियम लागतो, आणि शहरांतल्या आवडत्या खानावळींवर सुट्टीच्या पाट्या लटकतात. एरवीही दुपारी अडीचनंतर बरीच स्वयंपाकघरं थेट साडेसात-आठला उघडतात. आम्हा शाकाहाऱ्यांना मेतकूट आणि भडंगाने तारलं. तूप, पेढे आणि आंब्याची पेटी मात्र घरीच ठेवा: दूध-मांसाचे पदार्थ प्रवाशाच्या सामानातून युरोपियन युनियनमध्ये न्यायला बंदी आहे, आणि आपल्या हापूसला रोग-कीड नसल्याचं सरकारी प्रमाणपत्र लागतं.

गाडी परत करताना चारही बाजूंचे, टायरचे, इंधनाच्या काट्याचे फोटो काढा आणि सगळ्या पावत्या एका फोल्डरात ठेवा. परदेशी पत्त्यावर दंडाची नोटीस पाठवायला इटलीत 360 दिवसांची मुदत असते. नोटीस मिळाल्यापासून पाच दिवसांत भरली तर बहुतेक वेळा 30 टक्के सूट मिळते, म्हणून पाकीट टेबलावर पडू देऊ नका. आमचा तो एक दंड भरून झाला. फोल्डर मी अजून पुसलेलं नाही. बोलोन्यातल्या एका वळणाबद्दल मला अजून खात्री नाही, आणि 360 दिवस व्हायला दोन महिने बाकी आहेत.