लासा तापावर काम करायचंय? आधी उंदीर ओळखायला शिका

लासा ताप हा पश्चिम आफ्रिकेतला विषाणूजन्य आजार. त्यावर पीएचडी करायला येणारा जवळजवळ प्रत्येकजण पहिल्या भेटीत एकच प्रश्न विचारतो: बीएसएल-४ म्हणजे सर्वांत कडक सुरक्षेच्या प्रयोगशाळेत कधी जायला मिळेल? हवेची नळी जोडलेला सूट, एकामागून एक बंद होणारे दरवाजे, त्याची ओढ मला कळते. मीही हेच विचारलं होतं. उत्तर म्हणून माझ्या गाईडनी मला सिएरा लिओनमधल्या केनेमा जिल्ह्यात उंदीर पकडायला पाठवलं. आज मी नव्यांना तेच सांगते.

हा विषाणू पहिल्यांदा ओळखला गेला तो १९६९ मध्ये, नायजेरियातल्या लासा गावातली मिशनची एक परिचारिका आजारी पडली तेव्हा. तो राहतो कुठे हे मात्र १९७२ सालच्या सिएरा लिओनमधल्या साथीत पकडलेल्या उंदरांमुळे उमगलं. मॅस्टोमिस नाटालेन्सिस हा तो उंदीर. मादीला स्तनांच्या आठ ते बारा जोड्या असतात, म्हणून याला बहुस्तनी उंदीर म्हणतात. घरात, धान्याच्या आसपास राहतो. विषाणू अंगात असूनही स्वतः फारसा आजारी दिसत नाही आणि लघवीतून तो बाहेर टाकत राहतो. माणसाला लागण होते ती दूषित अन्न-भांड्यांतून किंवा उंदीर मारून साफ करताना. पुढे रुग्णाच्या रक्तातून आणि शरीरातल्या इतर स्रावांतून ती दुसऱ्या माणसाला होऊ शकते.

पिंजरे लावायचं काम ऐकायला साधं आहे. आधी गावच्या प्रमुखाची परवानगी, मग घरमालकाची. तिथल्या क्रिओ भाषेत उंदराला 'अराटा' म्हणतात. 'आम्ही अराटा पकडायला आलोय' म्हटलं की पोरं मागे लागायची आणि बिळं कुठे आहेत ते दाखवायची. संध्याकाळी शेंगदाण्याचं कूट आणि सुकी मासळी लावून पिंजरे ठेवायचे, पहाटे ऊन चढायच्या आत उचलायचे. बंद पिंजरा हाताला जड लागला की जपून वागायचं. तो तिथे उघडायचा नाही, हलवायचा नाही. प्रत्येक पिंजऱ्याला क्रमांक, प्रत्येक क्रमांकाला घर, आणि घरातली नेमकी जागा.

माझी चूक इथेच झाली. पहिल्या हंगामात मी उंदरांची जात नुसती डोळ्यांनी पाहून वहीत लिहिली. मॅस्टोमिस एरिथ्रोल्यूकस हा त्याच प्रदेशातला चुलतभाऊ दिसायला इतका सारखा आहे की मुरलेला माणूसही फसतो. खात्री करायची तर मायटोकॉन्ड्रियातल्या सायटोक्रोम-बी जनुकाचा क्रम काढावा लागतो. ते मी 'नंतर करू' म्हणून ठेवून दिलं. नंतर केलं तेव्हा बऱ्याच नोंदींवरचं नाव बदललं आणि त्यासोबत कुठल्या गावात किती उंदीर बाधित हा माझा सगळा तक्ताही. कित्येक महिन्यांचं काम पुन्हा करावं लागलं. म्हणून सांगते, ऊतीचा छोटा तुकडा पहिल्याच दिवशी वेगळ्या नळीत काढा. लेबल पेन्सिलीने लिहा. पेनची शाई अल्कोहोलमध्ये धुऊन जाते.

पीसीआरवर, म्हणजे विषाणूचं जनुकद्रव्य शोधणाऱ्या चाचणीवर, डोळे झाकून विसंबू नका, हेही लवकर शिकावं लागतं. लासाच्या जनुकसंचाचे दोन खंड आहेत, एस आणि एल. वेगवेगळ्या भागांतल्या विषाणूंमध्ये एस खंडात २५ टक्क्यांपर्यंत आणि एल खंडात ३२ टक्क्यांपर्यंत फरक आढळतो. नायजेरियातल्या विषाणूवर बेतलेले प्राइमर, म्हणजे चाचणीत विषाणूच्या जनुकक्रमाला चिकटणारे छोटे तुकडे, सिएरा लिओनच्या नमुन्यावर चिकटतीलच असं नाही. चाचणी निगेटिव्ह आली म्हणजे विषाणू नाही, असं मी आता एका चाचणीवरून कधीच लिहीत नाही.

सुरक्षेबद्दल दोन माणसं लक्षात ठेवा. १९६९ मध्येच येल विद्यापीठातले तंत्रज्ञ हुआन रोमान लासाने गेले. ते या विषाणूवर थेट कामही करत नव्हते. आणि केनेमाच्या लासा वॉर्डात वर्षानुवर्षं रुग्ण सांभाळणारे डॉ. अनिरू कॉन्टेह २००४ मध्ये सुईची टोच लागून याच तापाने गेले. इतका अनुभव असलेल्या माणसाचं असं झालं. माझ्या गटात शवविच्छेदनाच्या टेबलावर धारदार वस्तू एका वेळी एकाच्याच हातात असते, सुईवर टोपण परत कोणी बसवत नाही, आणि दमलेला माणूस त्या दिवशी टेबलाला हात लावत नाही, नमुने वाया गेले तरी चालतील.

बीएसएल-४ शिवायही भरपूर करता येतं. विषाणू पेशीत शिरताना आधी पेशीवरच्या अल्फा-डिस्ट्रोग्लायकन या रेणूला आणि आत गेल्यावर लॅम्प-१ या प्रथिनाला धरतो. हा प्रवास लासाचं बाह्य प्रथिन चढवलेल्या स्यूडोव्हायरसवर, म्हणजे आजार न करणाऱ्या बनावट विषाणूवर, अभ्यासता येतो. त्याला कमी पातळीची प्रयोगशाळा पुरते. संख्याशास्त्र आणि त्यासाठीची 'आर' ही संगणकभाषा मात्र येण्याआधीच शिकून या.

शेवटी माणसांबद्दल. लागण झालेल्यांपैकी सुमारे ८० टक्के लोकांना सौम्य ताप येतो किंवा काहीच जाणवत नाही. आला तरी मलेरिया समजून सोडून दिला जातो. वाचलेल्यांपैकी साधारण चौघांत एकाला बहिरेपण येतं. एका घरी मी प्रश्न विचारत होते आणि घरमालक दर वेळी मान वळवून डावा कान माझ्याकडे करत होते. मला वाटलं, माझी क्रिओ कच्ची आहे, म्हणून मी तेच वाक्य सावकाश पुन्हा म्हणत राहिले. त्यांच्या बायकोने मला थांबवलं. काही वर्षांपूर्वी मोठा ताप आला होता, ती म्हणाली, त्यानंतर उजव्या कानाने ऐकू येत नाही. माझ्या प्रश्नावलीत तापाचे अकरा प्रश्न होते, कानाचा एकही नव्हता. बारावा मी तिथेच बसून, त्यांच्या अंगणात, हाताने लिहिला.