अँटिबायोटिकला दाद न देणारा त्वचेचा संसर्ग: कुत्र्याची काळजी कशी घ्यावी

कुत्र्याच्या पोटावर, जांघेत, काखेत पुळ्या येतात. त्या फुटल्या की गोल चट्टे उरतात, त्यांच्या कडेने पापुद्रा सुटतो आणि केस झडून अंग वाळवी लागल्यासारखं दिसू लागतं. गोळ्यांचा एक कोर्स होतो, थोडे दिवस बरं वाटतं, पुन्हा तेच. शेवटी प्रयोगशाळेचा अहवाल येतो आणि औषधांच्या नावांपुढे ‘आर’ या अक्षराची रांगच लागलेली असते. आर म्हणजे रेझिस्टंट, त्या औषधाला जंतू दाद देत नाही. इथे बहुतेकांच्या पोटात गोळा येतो.

खरं तर असा जंतू साध्या जंतूपेक्षा जास्त जहाल असतोच असं नाही. त्याच्यावर चालणारी औषधं कमी असतात, अडचण आहे ती ही. शिवाय त्वचेचा संसर्ग बहुतेक वेळा वरवरचा असतो, म्हणजे जंतू हाताला लागेल अशा जागी बसलेले असतात. म्हणूनच या आजारात निम्म्याहून अधिक काम गोळ्यांच्या डबीत नसून न्हाणीघरात आहे.

जंतू कोणता, हे आधी नक्की करा

कुत्र्यांच्या त्वचेत पू करणारा नेहमीचा जंतू म्हणजे स्टॅफिलोकॉकस स्यूडइंटरमीडियस. २००५ साली त्याला स्वतंत्र प्रजाती म्हणून ओळख मिळाली. निरोगी कुत्र्याच्या नाकात, तोंडात, गुदद्वाराभोवती तो एरवीही राहतो आणि त्वचा कमजोर झाली की हात-पाय पसरतो. याच्या काही वाणांमध्ये ‘मेकए’ नावाचं जनुक असतं. त्यामुळे जंतूची भिंत बांधणारं प्रथिन बदलतं आणि पेनिसिलिनच्या कुळातल्या औषधांना पकडायला जागाच उरत नाही. सेफॅलेक्सिन आणि अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट ही नेहमीची औषधं एकदमच बाद होतात. अहवालात ऑक्सासिलिनपुढे ‘आर’ दिसलं तर समजायचं ते हेच. ते औषध कुत्र्याला देण्यासाठी तपासलेलं नसतं, ती फक्त खूण असते. अशा जंतूला ‘एमआरएसपी’ (मेथिसिलिन-रेझिस्टंट स्टॅफिलोकॉकस स्यूडइंटरमीडियस) म्हणतात. माणसांच्या रुग्णालयांत गाजलेला ‘एमआरएसए’ त्याचा भाऊबंद, पण वेगळा.

गोळ्या लागू पडल्या नाहीत म्हणजे जंतू रेझिस्टंटच, असा निष्कर्ष मात्र काढू नका. डोस अपुरा असू शकतो, मधले डोस चुकलेले असू शकतात, किंवा मूळ दुखणं यीस्ट या बुरशीचं किंवा त्वचेत राहणाऱ्या डेमोडेक्स नावाच्या सूक्ष्म किड्यांचं असू शकतं. म्हणून डॉक्टरांना आधी काचपट्टीवर नमुना घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायला सांगा आणि त्यात जंतू दिसले तर कल्चर-सेन्सिटिव्हिटी, म्हणजे जंतू वाढवून त्यावर कोणतं औषध चालतं हे पाहणारी तपासणी, करून घ्या. नमुना ताज्या पुळीतून किंवा खपलीच्या खालून घेतलेला चांगला. त्या आधी औषधी शाम्पूने अंघोळ घालावी का, हे विचारून घ्या. गेल्या काही महिन्यांत दिलेल्या सगळ्या औषधांची यादी सोबत न्या. कल्चरच्या अहवालाची प्रत घरी जपून ठेवा, पुढे दुसऱ्या डॉक्टरांकडे जावं लागलं तर तीच कामी येते.

अंघोळ: खरं औषध हेच

वरवरच्या संसर्गात नुसत्या बाहेरून केलेल्या उपचारानेही अनेक कुत्री बरी होतात. त्यात क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक सगळ्यात भरवशाचं. साधारण २ ते ४ टक्क्यांचा शाम्पू वापरतात. अँटिबायोटिकला न जुमानणारे जंतूही सहसा त्यापुढे टिकत नाहीत, कारण ते थेट जंतूच्या आवरणावर घाव घालतं आणि त्वचेवर त्याचं प्रमाण गोळीतून रक्तात पोचणाऱ्या औषधापेक्षा कितीतरी जास्त असतं.

सुरुवातीला आठवड्यातून २ ते ३ वेळा अंघोळ लागते. पद्धत अशी:

१. केस लांब असतील तर बाधित भागाचे कापून घ्या. केसांच्या जंजाळावर ओतलेला शाम्पू कातडीपर्यंत पोचतच नाही. कातरताना मशीन तापलेलं नको, त्वचा खरचटायला नको.

२. कोमट पाण्याने अंग पूर्ण भिजवा. गरम पाण्याने खाज वाढते.

३. खपल्या आणि तेलकट थर जास्त असेल तर तो आधी साध्या, कुत्र्यांसाठीच्या शाम्पूने काढा आणि अंग अगदी स्वच्छ धुऊन टाका. नेहमीच्या साबणाचा फेस उरला तर क्लोरहेक्सिडिन निकामी होतं. माहीत नसल्यामुळे इथे फार जणांची मेहनत वाया जाते.

४. औषधी शाम्पू सगळ्यात खराब भागापासून लावायला सुरुवात करा आणि हलक्या हाताने मुरवा. पंजांच्या बेचक्या, हनुवटीच्या आणि शेपटीच्या घड्या विसरू नका. डोळ्यांपासून मात्र तो पूर्ण लांब ठेवा, त्याने बुबुळाला इजा होते. कानातही जाऊ देऊ नका.

५. आता १० मिनिटं थांबा. घड्याळ लावूनच थांबा, कारण ओल्या, वैतागलेल्या कुत्र्यासोबतची ३ मिनिटं १० वाटतात. अंग चाटू देऊ नका, बोलत राहा, चोळत राहा.

६. भरपूर पाण्याने धुवा आणि टॉवेलने टिपून कोरडं करा. रगडू नका. घड्यांमध्ये ओल राहिली तर केलेलं सगळं पाण्यात.

ज्या दिवशी अंघोळ नाही, त्या दिवशी क्लोरहेक्सिडिनचा फेस, स्प्रे किंवा ओले वाइप्स वापरता येतात. न धुता तसेच राहू द्यायचे. डाग एक-दोनच असतील तर डॉक्टर मुपिरोसिन किंवा फ्युसिडिक अ‍ॅसिडचं मलम देऊ शकतात. मलम लावल्यावर लगेच फिरायला न्या किंवा जेवण द्या, म्हणजे चाटण्यावरून लक्ष उडतं. तरीही चाटत असेल तर चाटू न देणारी शंकूच्या आकाराची कॉलर गळ्यात घालण्याला पर्याय नाही. कुत्रं रुसतं, पण चाटलेली जखम भरत नाही.

घरातलं माणसांचं मलम लावू नका. अनेक मलमांत स्टेरॉइड मिसळलेलं असतं. टी-ट्री तेल कुत्र्यांना विषारी ठरू शकतं. हायड्रोजन पेरॉक्साइड भरत आलेल्या पेशीच जाळतं.

पोटातून अँटिबायोटिक कधी?

संसर्ग खोल असेल तर. म्हणजे गाठी, रक्तमिश्रित पू वाहणारी छिद्रं, दुखरी सूज, ताप. किंवा मन लावून केलेल्या अंघोळींनीही वरवरचा संसर्ग हटत नसेल तर. औषध अहवालावरून निवडायचं, आठवणीतून किंवा शेजाऱ्याच्या कुत्र्याला काय चाललं त्यावरून नाही. डॉक्टरांनी गोळ्या नकोत म्हटलं तर ती टाळाटाळ समजू नका. अशा वेळी मला तर तो डॉक्टर जास्त विश्वासाचा वाटतो.

या जंतूवर उरणाऱ्या औषधांचे स्वभाव वेगवेगळे आहेत. डॉक्सिसायक्लिन कोरडी गोळी म्हणून घशाखाली ढकलू नका, पाणी किंवा अन्न पाठोपाठ हवं, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. क्लोरॅम्फेनिकॉल देताना तुम्ही हातमोजे घाला, कारण क्वचित काही माणसांत त्यामुळे अस्थिमज्जा काम करणं थांबवते. रिफॅम्पिसिनने लघवी नारिंगी होते, त्याला घाबरायचं कारण नाही, पण यकृताच्या तपासण्या चुकवू नका. अमिकासिनमध्ये मूत्रपिंडांवर लक्ष ठेवावं लागतं. व्हँकोमायसिन आणि लिनेझोलिड मात्र माणसांच्या गंभीर आजारांसाठी राखून ठेवायची औषधं आहेत. ती मागू नका.

डोस वजनावर ठरतो, म्हणून कुत्र्याचं ताजं वजन सांगा. उलटी, जुलाब झाले तर स्वतःहून बंद करण्याआधी फोन करा. वरवरच्या संसर्गात साधारण २ आठवड्यांनी आणि खोल संसर्गात ३ आठवड्यांनी फेरतपासणी होते, त्यानंतर पुढचं ठरतं.

घर आणि घरातली माणसं

हा जंतू माणसाला क्वचितच त्रास देतो, पण देऊ शकतो. कुत्र्याला हात लावल्यावर, मलम लावल्यावर साबणाने हात धुवा. तुमच्या हातावर जखम असेल तर झाकून घ्या. कुत्र्याच्या जखमा भरेपर्यंत त्याला तुमच्या अंथरुणात झोपू देऊ नका, तोंड चाटू देऊ नका. घरात केमोथेरपी चालू असलेलं, अवयव प्रत्यारोपण झालेलं किंवा नुकतंच ऑपरेशन झालेलं कोणी असेल तर अंघोळीचं काम दुसऱ्याने करावं आणि त्यांच्या डॉक्टरांनाही कल्पना द्यावी. कोणाच्या अंगावर फोड किंवा न भरणारी जखम दिसली तर डॉक्टरांकडे जाताना घरातल्या कुत्र्याचा अहवाल सांगा.

कुत्र्याचं अंथरूण आणि टॉवेल ६० अंश सेल्सिअस पाण्यात धुऊन पूर्ण वाळवा. त्याची भांडी रोज घासा. फरशीवर आधी साबणपाणी, मग जंतुनाशक; घाणीवर ओतलेलं जंतुनाशक वाया जातं. ब्लीच वापरत असाल तर ते आम्लात किंवा अमोनियात मिसळू नका, विषारी वायू होतो. लघवीतही अमोनिया असतो, तेव्हा ती आधी पाण्याने धुऊन टाका. यापुढे जाऊन घर रुग्णालयासारखं करण्यात अर्थ नाही. दवाखान्यात जाताना आधी कळवा; इतर प्राण्यांना संसर्ग लागू नये म्हणून बहुधा दिवसाची शेवटची वेळ देतील.

जंतूला वाट कोणी दिली?

निरोगी त्वचेत हा जंतू सहसा शिरत नाही. म्हणून बरं झाल्यावर पुन्हा पुन्हा तेच होत असेल तर मूळ शोधा: पिसवांची अ‍ॅलर्जी, धूळ-परागकणांची अ‍ॅलर्जी, अन्नाची अ‍ॅलर्जी, थायरॉइड कमी असणं, कुशिंग्ज आजार (शरीरात कॉर्टिसोल हे संप्रेरक जास्त होणं), डेमोडेक्स. पिसवांचं औषध वर्षभर, घरातल्या प्रत्येक प्राण्याला. अन्नाची शंका असेल तर ठरलेल्या एकाच आहारावर ८ आठवडे, आणि त्या काळात टेबलाखालून दिलेला एक तुकडासुद्धा चालत नाही. खाज थांबवणं हाही उपचारच आहे, कारण नखांनी आणि दातांनी कुत्रं स्वतःच नव्या जखमा पाडतं. स्टेरॉइड मात्र डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नको.

त्वचा साफ दिसली तरी शेवटची तपासणी करून घ्या. जंतू काही महिने, कधी वर्षभरही नाकात किंवा गुदद्वाराजवळ राहू शकतो. त्याला तिथून हुसकायला पुन्हा अँटिबायोटिक देऊ नये, आणि त्वचा चांगली असताना नुसत्या हौसेने पुन्हा कल्चरही करू नये. बऱ्याच कुत्र्यांना मग आठवड्याला एक औषधी अंघोळ चालू ठेवावी लागते.

ताप, सुस्ती, खाणं सोडणं, झपाट्याने पसरणारी लाली किंवा हात लावू न देणारी वेदना दिसली तर पुढच्या ठरलेल्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.