बॉडी जोडताना या चुका टाळा

बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीच्या (ओतकामाच्या) कामासाठी सॉलिडवर्क्स या थ्रीडी डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर बसणारी नवी पोरं एक चूक हटकून करतात. मॉडेलचे सुटे घन तुकडे, म्हणजे बॉडी, स्क्रीनवर चिकटलेल्या दिसल्या की जोडल्या गेल्या, असं धरून चालतात.

खानापूरकडच्या एका ट्रेनीनं मोटर ब्रॅकेटच्या रिबची (भिंतीला आधार देणाऱ्या पट्टीची) लांबी अंदाजानं टाकली. रिब भिंतीपासून 0.05 मिलिमीटर लांब राहिली. ‘मर्ज रिझल्ट’ला, म्हणजे नवा भाग आधीच्या बॉडीत मिसळायच्या पर्यायाला, टिक होती, पण बॉडी एकमेकींना लागतच नसतील तर सॉफ्टवेअर काही बोलत नाही, निमूट दुसरी बॉडी तयार करतं. ‘सॉलिड बॉडीज’पुढे 2 आकडा दिसत होता, त्याकडे कुणी बघितलंच नाही. स्टेप फाइल (वेगवेगळ्या कॅड सॉफ्टवेअरमध्ये उघडणारी मॉडेलची फाइल) पॅटर्नवाल्यांकडे, म्हणजे साच्यासाठी नमुना बनवणाऱ्यांकडे गेली. तिथल्या ऑपरेटरनं टूलपाथसाठी (मशीनच्या कापण्याच्या वाटेसाठी) मोठी बॉडी तेवढी निवडली आणि ॲल्युमिनियमचा पॅटर्न बिनरिबचा कापला गेला. मोल्डिंगच्या आधी मिस्त्रींनी ड्रॉइंग शेजारी धरलं आणि विचारलं, “अरे बाळा, ह्याची रिब कुठं गेली?” पॅटर्न वाया गेला, पार्टीला दिलेली तारीखही हुकली.

मी रिबची लांबी आकड्यानं देतच नाही. ‘अप टू नेक्स्ट’ (पुढच्या पृष्ठभागापर्यंत) घेतो, नाहीतर रिब भिंतीत मिलिमीटरभर घुसवून ‘कंबाइन’ या बॉडी एकत्र करणाऱ्या कमांडमधून ‘ॲड’ करतो. मात्र कंबाइनच्या आधी वजन काढून कोटेशन देऊ नका. घुसलेला भाग तोवर दोनदा मोजला जातो, आणि कास्टिंगचा भाव किलोवर ठरतो. बिडाची (कास्ट आयर्नची) घनता 7.2 ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर धरा आणि वजन एकसंध बॉडीचंच काढा.

दुसरी चूक घाईची. बीड थंड होताना साधारण 1 टक्का आकसतं, म्हणून पॅटर्नचं मॉडेल 1.01 पट करावं लागतं. काहीजण जोडायच्या आधीच प्रत्येक बॉडी तिच्या मध्यापासून स्केल करतात. मग दोन बॉस (गोल उंचवटे) जागच्या जागी फुगतात, पण त्यांच्या केंद्रांमधलं 200 मिलिमीटरचं अंतर 200च राहतं. हवं असतं 202. त्यावर ओतलेलं कास्टिंग मशीनिंगला जाईपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. आधी जोडा, मग ओरिजिनवरून एकदाच स्केल करा. दोन मिनिटं वाचवायला हा क्रम उलटा करणाऱ्याला मी पॅटर्नचं काम देत नाही.

दोन सिलिंडर नुसते एका रेषेवर टेकले असतील तर कंबाइन होणार नाही. थोडे एकमेकांत घुसवा. सांध्यावरचा फिलेट (गोलाई) जोडल्यानंतरच द्या. ‘सबट्रॅक्ट’मध्ये कापणारी बॉडी नाहीशी होते, ती पुढे लागणार असेल तर आधी कॉपी काढा. वेल्डिंगचं फ्रेम असेल तर कंबाइनच्या वाटेला जाऊ नका, कटलिस्टमधले (कापायच्या तुकड्यांच्या यादीतले) पाइप वेगवेगळे राहणार नाहीत.

आणि स्टेप पाठवण्याआधी ती नव्या विंडोत स्वतः उघडून बॉडी मोजा. एकापेक्षा जास्त निघाल्या तर फाइल पाठवू नका.