वस्तीतली घरभेट: आधी पाण्याचा दिवस विचारा

नर्सिंगच्या पोरी कम्युनिटी पोस्टिंगला येतात तेव्हा त्यांच्या वहीत प्राथमिक, द्वितीय आणि तृतीय प्रतिबंध असे तीन रकाने छान आखलेले असतात. आजार होऊ नये म्हणून लस आणि स्वच्छता, झालाच तर लवकर सापडावा म्हणून तपासणी, जुना झाला तर त्यानं माणूस अंथरुणाला खिळू नये म्हणून पुढची काळजी. रकाने बरोबर आहेत. पण सोलापूरच्या पूर्व भागातल्या एखाद्या घरात शिरलात की तिन्ही रकाने एकाच खोलीत बसलेले दिसतात. पाळण्यात तान्हं, दाराशी विड्या वळणारी आई, भिंतीला टेकलेली बीपीची आजी. अशा घरात काय आणि कसं करायचं, ते इतकी वर्षं आरोग्यसेविका म्हणून फिरल्यावर जे टिकलं, तेवढंच सांगते.

निघण्याआधी

घरांचा क्रम लावून घ्या. आधी ओली बाळंतीण आणि तान्हं, मग गरोदर बाई, मग बीपी-शुगरचे पेशंट. खोकल्याचं, गोवराचं घर सगळ्यात शेवटी. चालणं वाढलं तरी चालेल, क्रम उलटा करायचा नाही. आपल्याच हातांवरून आजार पाळण्यापर्यंत पोचतो.

बॅगेत बीपीचं यंत्र, थर्मामीटर, टॉर्च, बाळाचा वजनकाटा, ओआरएस, झिंक, पॅरासिटामॉल, साबण, स्वतःचा नॅपकिन आणि जुनी वर्तमानपत्रं. घरात गेल्यावर बॅग गादीवर किंवा जमिनीवर टेकवू नका. पेपर अंथरा, त्यावर बॅग ठेवा, हात धुवा, मगच बॅग उघडा. वापरलेली वस्तू पुसल्याशिवाय आत जात नाही. निघताना पेपरची जमिनीला लागलेली बाजू आत घेऊन घडी घाला. हात धुवायला तांब्याभर पाणी मागा. त्या घरात तो तांब्याही मोजलेला असतो, तेव्हा अर्ध्यात भागवायला शिका.

वेळेचं आशाताईला विचारा. विडीचा माल कारखान्यात द्यायला बाई गेलेली असेल तर घरात फक्त म्हातारी आणि लेकरं भेटतात. रात्रपाळी करून आलेला यंत्रमागवाला सकाळी झोपलेला असतो, त्याला उठवून बीपी घेण्यात अर्थ नाही. तेलुगू किंवा कन्नड येत नसेल तर ताप किती दिवस, खोकला आहे का, बाळ दूध पितंय का, एवढी वाक्यं पाठ करून जा. आणि पाळीचा, गरोदरपणाचा प्रश्न दहा वर्षांच्या पोरीला दुभाषी करून विचारू नका. आई खरं सांगणार नाही आणि पोरीलाही लाज वाटेल.

बॅरल

इथं मी सगळ्यात जास्त वेळ घालवते. शहराला उजनीचं पाणी आहे, पण रोज नाही. बऱ्याच भागांत ते काही दिवसांआड येतं, त्यातही वेळेचा भरवसा नाही. त्यामुळे घरोघरी निळी बॅरलं, सिमेंटच्या टाक्या, घागरी. डेंग्यूचा एडिस डास याच स्वच्छ साठ्यात वाढतो. बायांना हे पटत नाही. गटार डोळ्यांसमोर घाण दिसतं, आणि बॅरल तर त्यांनी स्वतः भरून ठेवलेलं असतं.

म्हणून भाषण देऊ नका, टॉर्च काढा. झाकण उचलून पाण्यावर तिरका उजेड पाडा. सावली पडली की अळ्या खाली पळतात, क्षणभर थांबलात की श्वास घ्यायला वळवळत वर येतात. पांढऱ्या वाटीत चार अळ्या काढून बाईच्याच हातात द्या. पुढचं ती शेजारणीला स्वतः सांगते.

आता कोरडा दिवस. आपल्या हवेत अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करा असं पत्रकात असतं. पण भरलेलं बॅरल ओतून द्या म्हणालात तर बाई तुम्हाला परत दारात उभं करणार नाही, आणि तिचं काही चुकत नाही. तिला विचारा, तुमच्याकडे पाणी कधी येतं? पाणी यायच्या आदल्या दिवशी बॅरल तसंही तळाला गेलेलं असतं. कोरडा दिवस तोच. उरलेलं पाणी फडक्यातून गाळून बादलीत काढायचं, ते लादी पुसायला, संडासाला वापरायचं. बॅरल आडवं करून आतून घासणीनं खसाखसा घासायचं, विशेषतः पाण्याची रेघ उमटते तिथं. एडिसची अंडी त्या रेघेच्या आसपास ओल्या भिंतीला चिकटलेली असतात. नुसतं बॅरल पालथं घालून ती मरत नाहीत. कोरडी राहूनही कित्येक महिने टिकतात आणि पाणी भरलं की फुटतात. घासणं टाळणारी घरं दर पावसाळ्यात मला पुन्हा तीच वाटी दाखवतात.

भरून झालं की जुन्या धोतराचं किंवा लुगड्याचं कापड तोंडावर ताणून सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं बांधा. सैल झाकण असून नसल्यासारखंच. जी टाकी रिकामी करणं शक्यच नाही, तिच्यात ॲबेट हे अळ्या मारणारं औषध टाकून घ्या. किती टाकायचं ते फवारणीचे कर्मचारी टाकीच्या मापावर ठरवतात, घरच्यांनी अंदाजानं टाकू नये. वापराच्या मोठ्या टाकीत, हौदात गप्पी मासे सोडता येतात. उन्हाळा संपल्यावर कूलर विसरू नका, सोलापुरात जूनपर्यंत तो चालू असतो आणि नंतर तळाच्या पाण्यासकट गच्चीवर जातो. फ्रिजमागचा ट्रे आणि कुंडीखालची बशीही बघा.

लोक धुराची गाडी मागतात, नगरसेवकही तीच पाठवून मोकळे होतात. धुरानं उडणारे डास मरतात, बॅरलातले उद्याचे डास तसेच राहतात.

घरात कुणाला ताप असेल तर पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, ‘अंगदुखीची लाल गोळी’ यांपैकी काही नको, रक्तस्राव वाढतो. आणि हे दोनदा सांगा: ताप उतरला म्हणजे सुटका झाली असं नाही. ताप उतरतानाच्या एक-दोन दिवसांत पोटात जोरात दुखणं, सारखी उलटी, हिरड्यांतून रक्त, पेशंट मलूल होणं, यातलं काही दिसलं तर लगेच दवाखाना.

विडीचं सूप आणि तान्हं

हजार विड्यांवर मजुरी मिळते, तेव्हा ‘तंबाखूपासून लांब राहा’ हे वाक्य घरात नेऊच नका. सूप कुठे ठेवायचं एवढं सांगता येतं. पाळण्याच्या बाजूला नको, दाराजवळ, वारा बाहेर जाईल असं. पाजायच्या आधी कोपरापर्यंत साबणानं हात धुवायचे, तंबाखूची भुकटी बसलेला पदर बदलायचा. लेकरांना तंबाखू भरायला बसवायचं नाही.

जन्मानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी आशाताई येतेच, तुम्ही गेलात तर तिच्या नोंदी बघा. नाळेला हळद, तेल, राख काही नको. धुरी देणं आजीला आवडतं, तिच्याशी वाद घालण्यापेक्षा बाळ दुसऱ्या खोलीत न्यायला लावा. दूध सुटलं, अंग गार पडलं, छाती आत ओढली जातेय, यातलं एक जरी दिसलं तर १०८ ला फोन करा. लसीचं कार्ड मागा, बघा, परत द्या. त्यावर व्याख्यान नको.

आजीचं बीपी

बीपी घाईत घेतलं तर न घेतलेलं बरं. आजीनं नुकतीच मिसरी लावली असेल किंवा चहा प्यायला असेल तर अर्धा तास थांबा, तोवर बाळाचं वजन करून घ्या. पाच मिनिटं शांत बसू द्या. खुर्ची नसते, मग भिंतीला पाठ टेकवा आणि हात पत्र्याच्या डब्यावर, छातीच्या पातळीला. बाहीवर पट्टा बांधू नका. बोलणं बंद, तुमचंही. दोनदा मोजा. १४०/९० किंवा त्याच्या वर आलं तर पुन्हा तपासायची तारीख द्या. एका आकड्यावर कुणाला पेशंट करू नका.

मिठाचं विचारताना भाजीवर थांबू नका. शेंगाचटणी, लोणचं, पापड, पच्चडी यांतलं मीठ कुणी मोजत नाही. माणशी दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे एक चमचा, यात हे सगळं धरायचं. चटणी बंद करा म्हणू नका, सोलापुरात ते कुणी ऐकणार नाही. चटणी कुटतानाच मीठ अर्धं करायला सांगा.

मिसरीवाल्या बाईचं तोंड टॉर्चनं बघा. ओठ उलटून, गालाच्या आत, जिभेखाली. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, स्वतःची तीन बोटं उभी तोंडात न जाणं, यातलं काही असेल तर लगेच पुढे पाठवा.

खोकला

दोन आठवडे खोकला असेल तर थुंकीची तपासणी करायचीच. विडीवाल्या आणि सूत उडणाऱ्या मागावर काम करणाऱ्या घरांत ‘हा धुळीचा खोकला’ म्हणून महिने निघून जातात. क्षयरोग निघालाच तर उपचार मोफत आहेत, आणि निक्षय पोषण योजनेत उपचार संपेपर्यंत महिन्याला १,००० रुपये खात्यात येतात. बँक पासबुक त्याच भेटीत मागून घ्या. घरातल्या इतरांचीही तपासणी करा, ज्यांना आजार नाही त्यांना डॉक्टर प्रतिबंधक गोळ्या सुरू करतात.

चिठ्ठी

‘सिव्हिलला जा’ म्हणून निघू नका. कुठल्या ओपीडीला, किती वाजेपर्यंत केसपेपर निघतो, सोबत कोण येणार, त्या दिवशी विडीचा माल कोण पोचवणार, हे सगळं बसल्या जागी ठरवा. जायचा दिवस पाण्याच्या दिवसाला येऊ देऊ नका, नाहीतर बाई घरातच थांबेल. चिठ्ठीवर लक्षणं, बीपीचे दोन्ही आकडे आणि चालू गोळ्यांची नावं स्वच्छ अक्षरात लिहा. रजिस्टरला पुढच्या भेटीची तारीख टाका आणि त्या दिवशी आधी केसपेपर मागा. नसेल तर कारण विचारून नवा दिवस ठरवा.