'द पायपर ॲट द गेट्स ऑफ डॉन' ऐकताना या चुका टाळा

ब्रिटिश रॉक बँड पिंक फ्लॉइडचा हा पहिला अल्बम, १९६७चा. कुणाला सुचवला की दोन-चार दिवसांत ठरलेल्या तक्रारी येतात: एका कानाला गिटारच येत नाही, आवाज पोकळ वाटतो, किंवा सरळ, "हे कसलं पिंक फ्लॉइड?"

शेवटची तक्रार आधी निकालात काढू. बहुतेकांच्या डोक्यात असतो तो त्यांचा 'द डार्क साइड ऑफ द मून' आला १९७३ साली. 'पायपर'च्या वेळी डेव्हिड गिल्मोर बँडमध्ये आलेलाच नव्हता, तेव्हा त्याच्या गिटारची वाट पाहत बसू नका. इथली गिटार आणि बहुतेक गाणी बँडचा तेव्हाचा गायक सिड बॅरेटची. विषय काय, तर सयामी मांजर, बुजगावणं, सायकल. गंभीर चेहरा करून ऐकायला बसलात की निम्मी गंमत गेली.

आता कानाचा प्रश्न. त्या काळी बँडचं खरं लक्ष मोनो मिक्सवर, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज देणाऱ्या जुळवणीवर असायचं. डाव्या-उजव्या कानात वेगवेगळा आवाज देणारं स्टीरिओ मिक्स वेगळं केलेलं आहे. त्यात काही वाद्यं पार एका टोकाला बसवलेली आहेत, त्यामुळे एक कान अधूनमधून रिकामा वाटणारच. ते हेडफोनच्या माथी मारू नका. पण एकच इअरबड घालून किंवा फोन टेबलावर ठेवून ऐकत असाल, तर दोष आपलाच.

खात्री करायला 'इंटरस्टेलर ओव्हरड्राइव्ह' लावा. साडेनऊ मिनिटांहून मोठा, शब्द नसलेला तुकडा. शेवटाकडे मूळ धून परत येते तेव्हा स्टीरिओत आवाज या कानातून त्या कानात झोके घेऊ लागतो. झोका जाणवला नाही तर दोन शक्यता. एक तर तुम्ही मोनो आवृत्ती ऐकताय (२००७च्या चाळिसाव्या वर्षाच्या संचात दोन्ही आहेत), नाहीतर फोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये 'मोनो ऑडिओ' चालू राहिलंय. ते बंद करा आणि शेवट पुन्हा ऐका.

हाच तुकडा लोक सर्वांत आधी पुढे ढकलतात. "नुसता गोंधळ आहे." गोंधळ आहे, पण रचलेला. बँडने एकदा वाजवलेल्यावर पुन्हा वाजवून दोन्ही एकमेकांवर चढवलं, म्हणून सगळं किंचित दुहेरी ऐकू येतं. पहिल्या खेपेला फक्त निक मेसनचे ड्रम धरून चला. दुसऱ्या खेपेला रिक राइटचा ऑर्गन. सगळं एकदम पकडायला गेलात की काहीच हाती लागत नाही.

आवाज पोकळ येतोय, गायक दूर कुठेतरी गेलाय? वायरचे हेडफोन असतील तर पिन पूर्ण बसलीय का बघा. अर्धवट बसली की दोन्ही बाजूंना सारखा असलेला आवाज एकमेकांना मारतो. या अल्बमवर ते पटकन कळत नाही, कारण इथे मांडणीच विचित्र. म्हणून एखादं नवं मराठी गाणं लावून बघा. त्यात गायकाचा आवाज बहुधा मधोमध असतो. तोच गायब झाला तर पिन दाबा. इक्वलायझरचा 'बास बूस्ट' तर काढूनच टाका. तो ठेवला तर ऑर्गन दबतो, आणि 'मटिल्डा मदर'मधलं ते पूर्वेकडच्या वळणाचं ऑर्गनवादन दबलं तर मला व्यक्तिशः दुःख होतं.

सुरुवातीलाच 'ॲस्ट्रॉनॉमी डॉमिने'त फाटका, खरखरीत आवाज येतो. स्पीकर फाटलेला नाही. बँडचा व्यवस्थापक पीटर जेनर मेगाफोनमधून ग्रहताऱ्यांची नावं वाचतोय.

हे गाणं तुमच्या अल्बममध्ये नसेलच, आणि सुरुवात 'सी एमिली प्ले'ने होत असेल, तर तुमच्याकडे १९६७ची अमेरिकी आवृत्ती आहे. तिच्यात तीन गाणी गाळली होती, त्यात शेवटचं 'बाइक'ही गेलं. ब्रिटिश क्रमाची अकरा गाणी शोधा. शफल बंद ठेवा, ४२ मिनिटांचा तर प्रश्न आहे.

आणि 'बाइक' संपलंसं वाटलं म्हणून लगेच उठू नका. गाण्यानंतर घड्याळांचा, घंटांचा कल्लोळ होतो आणि मग बदकांच्या कलकलाटासारखं काहीतरी त्याच त्या वळणावर फिरत राहतं. फाइल अडकलेली नाही. ते मुद्दाम तसंच ठेवलंय.