एचडी चॅनलवर धावत्या पट्टीला कंगव्याचे दात: असं सुटलं

सिडकोतल्या घरचा ४३ इंची फुल एचडी टीव्ही. स्थिर चित्र झकास, पण बातम्यांची पट्टी धावू लागली की अक्षरांच्या कडांना कंगव्यासारखे दात फुटायचे. क्रिकेटमध्ये बॅट फिरली की तेच.

एमजी रोडवरून नवी एचडीएमआय केबल आणली, सेट-टॉप बॉक्स रीसेट केला, शार्पनेस शून्यावर आणला. ढिम्म. मेकॅनिक म्हणाला, पॅनल बदला, तेव्हा मात्र डोकंच फिरलं.

बॉक्स १०८०आय पाठवत होता. यात १९२० बाय १०८० चं चित्र एकदम येत नाही; आधी विषम ओळी, मग सम, प्रत्येक वेळी ५४०, सेकंदाला ५० वेळा. दोन अर्ध्यांमधल्या १/५० सेकंदात अक्षर पुढे सरकलेलं असतं. ती जुळवाजुळव टीव्हीने करायची. पण दिवाळीत भाच्याने लावलेला गेम मोड (खेळताना चित्र उशिरा दिसू नये म्हणून टीव्ही चित्रावरची प्रक्रिया कमी करतो ती सेटिंग) तसाच राहिला होता, आणि त्यात आमचा टीव्ही ती धड करत नाही.

आधी बॉक्सचं चित्र चालू ठेवूनच गेम मोड बंद केला, कारण आमच्या टीव्हीत प्रत्येक पोर्टचा मोड वेगळा असतो. दात बरेच कमी झाले. मग बॉक्सच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये १०८०आय काढून १०८०पी (यात सगळ्या ओळी एकदम येतात), ५० हर्ट्झ म्हणजे सेकंदाला ५० वेळा, निवडलं. स्क्रीन क्षणभर काळी होते, घाबरू नका; चित्र परतलं की लगेच ओके दाबा. ६० हर्ट्झ घेऊ नका. आपलं प्रसारण ५० चं, त्यामुळे ६० वर पट्टी अडखळत धावते. तेही करून पाहिलंय.